मामल्लपुरमच्या बंधाऱ्याबद्दलची तक्रार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तमिळनाडूतील मामल्लपुरम, म्हणजेच महाबलीपुरम, येथे समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये सुट्टी घालवून आलेल्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. किनाऱ्यावरचे पल्लवकालीन मंदिर सुंदर आहे, पण समुद्राच्या बाजूला टाकलेल्या मोठमोठ्या दगडांमुळे आणि आजूबाजूच्या सुरूच्या झाडांमुळे तेथील देखावा बिघडला आहे, अशी ती तक्रार. नुकतीच आम्ही त्या गावाला भेट दिली आणि ही तक्रार सर्वस्वी अस्थानी आहे असे माझे मत झाले, म्हणून हे पत्र.

गैरसमजाचा काही दोष पर्यटन व्यवसायाकडे जातो. आम्ही उतरलो होतो त्या रिसॉर्टच्या माहितीपत्रकात मंदिराच्या पायाशी थेट लाटा फुटत असल्याचे चित्र होते. ते पाहून गेलेल्या माणसाला कुंपण, झाडे आणि बंधारा दिसला की फसवणूक झाल्यासारखे वाटते. मात्र चित्रातल्यासारख्या लाटा तेथे खरोखरच फुटू दिल्या असत्या, तर इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभी पल्लव राजा दुसऱ्या नरसिंहवर्म्याने, म्हणजे राजसिंहाने, बांधवलेले हे मंदिर आज किती उरले असते, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

समुद्राने केलेले नुकसान पाहायला तज्ज्ञ असावे लागत नाही. मंदिराच्या प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या, भिंतीवर ओळीने बसलेले नंदी जवळून पाहावेत. कित्येकांचे डोळे, नाकपुड्या, गळ्यातील माळा पार झिजून गेल्या आहेत, आणि काहींचे तर केवळ पाठीच्या वळणावरून हा बैल आहे एवढेच समजते. नंतर गावात थोडे आत चालत जाऊन ‘अर्जुनाची तपश्चर्या’ किंवा ‘गंगावतरण’ या नावांनी प्रसिद्ध असलेला भव्य शिल्पपट पाहावा. तो साधारणपणे सातव्या शतकातील, म्हणजे मंदिराहूनही जुना, मानला जातो. तरी त्यातील हत्तीजवळ मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पाय वर धरलेले ढोंगी तपस्वी मांजर आणि त्याच्यासमोरचे उंदीर आजही स्पष्ट ओळखू येतात. शिल्पपट अखंड कातळात कोरलेला आहे आणि मंदिर घडीव चिऱ्यांचे, हा फरक मान्य केला, तरी खाऱ्या वाऱ्याचा वाटा त्यात मोठा आहे. वाऱ्याबरोबर आलेला क्षार ओलाव्यातून दगडाच्या छिद्रांत शिरतो, उन्हाने पाणी उडून गेले की त्याचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो, तसाच हा प्रकार. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग ओल्या कागदाच्या लगद्याचे लेप देऊन हा क्षार शोषून घेतो. पण वाराच अडवला नाही तर लेप कितीदा देणार? सुरूची झाडे त्यासाठी आहेत, आणि दगडांचा बंधारा किनाऱ्याची धूप रोखण्यासाठी.

ज्यांना समुद्र आणि मंदिर यांच्या नात्याची खरी कल्पना हवी असेल त्यांनी साळुवनकुप्पमला जावे. मामल्लपुरमच्या उत्तरेला काही किलोमीटरवर, ‘टायगर केव्ह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्याघ्रगुंफेच्या जवळच हे ठिकाण आहे. किनाऱ्यालगतच्या अनेक रिसॉर्टपासून ते हाकेच्या अंतरावर असले, तरी आमच्या स्वागतकक्षात त्याची माहिती कोणालाही नव्हती, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तेथील एका खडकावरचे शिलालेख उघडे पडले, त्यात मंदिराचा उल्लेख मिळाला आणि २००५ पासून झालेल्या उत्खननात वाळूखालून सुब्रह्मण्याचे, म्हणजे तमिळ लोकांच्या मुरुगनचे, मंदिर सापडले. वरचे बांधकाम पल्लवकाळातील असून त्याच्या पोटात संगम काळाशी, म्हणजे पल्लवांच्याही आधीच्या प्राचीन तमिळ साहित्याच्या काळाशी, जोडले जाणारे विटांचे आणखी जुने मंदिर आहे. ही दोन्ही बांधकामे वेगवेगळ्या काळी समुद्राच्या तडाख्याने पडली असावीत, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. आज तेथे पाहण्यासारखे म्हणजे पाया, विटांचे थर आणि मुरुगनचे आयुध असलेला दगडी ‘वेल’. शिखर नाही, की फोटोसाठी कोनाडा नाही. (माझ्या मते संपूर्ण परिसरात थांबून पाहावी अशी हीच जागा आहे, पण बरोबरची मंडळी याच्याशी सहमत नव्हती.)

१९८४ पासून मामल्लपुरमची स्मारके युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे नावाचा बोलबाला पुरेसा आहे. उणीव आहे ती बंधारा आणि झाडे कशासाठी आहेत हे येणाऱ्याला ठळकपणे सांगण्याची. मंदिराच्या नावावर खोल्या भरणाऱ्या रिसॉर्टनी प्रत्येक खोलीत याबद्दल एक पानभर मजकूर ठेवला, तर त्यांना फारसा खर्च येणार नाही. मंदिर दाखवणारी त्यांची वाहने भर दुपारी, दगड तापलेला असताना, पाहुण्यांना तासाभरासाठी सोडतात. त्याऐवजी सकाळी नेले, तर तिरप्या उन्हात झिजलेली शिल्पेही बरीच उठून दिसतील.

आपल्या पर्यटन पुरवणीत या गावाविषयी पुढे कधी लेख आला, तर त्यात साळुवनकुप्पमची माहिती आणि फोटोसाठी बंधाऱ्याच्या दगडांवर चढू नये ही सूचना अवश्य छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक