आप्पा, स्लोव्हेनियातल्या मिठागरात जाऊन आले

म्युनिक,
१२ सप्टेंबर

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. आईचा गुडघा कसा आहे ते तुम्हीच कळवा, ती फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणते.

सुट्टीत गाडीने स्लोव्हेनियाला जाऊन आलो. देश केवढासा, तर आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. वस्ती २१ लाखांच्या आसपास, आणि १९९१ पर्यंत युगोस्लाव्हियाचा भाग. ब्लेडचं तळं पाहिलं, बेटावरच्या चर्चच्या ९९ पायऱ्या चढलो. सुंदर आहे, पण गर्दी फार.

तिथून व्रशिचचा घाट चढलो. गाडी हे चालवत होते. घाटाला ५० वळणं, प्रत्येक वळणावर त्याचा नंबर आणि उंचीची पाटी. अलीकडच्या चढावर वळणावळणाला दगडी फरसबंदी आहे, तिथे गाडी खडखडते. माथा १६११ मीटरवर. पहिल्या महायुद्धात सोचा नदीच्या आघाडीवर रसद पोचवायला हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला. १९१६ च्या मार्चमध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी जण गाडले गेले. वाचलेल्यांनी आपल्या सोबत्यांसाठी लाकडी देऊळ बांधलं, ते अजून झाडीत उभं आहे. आत जाऊन हात जोडले. पलीकडे उतरलं की सोचा नदी लागते. पाणी इतकं हिरवं आणि नितळ की तळातला गोटा न् गोटा दिसतो.

पण पत्र लिहायला बसले ती सेचोव्ल्येच्या मिठागरासाठी. पिरान गावाजवळ, क्रोएशियाच्या हद्दीला लागून आहे ते. आप्पा, बांधावर पाय ठेवला आणि तो खारा वास आला, तेव्हा तुम्ही हवे होतात असं फार वाटलं. पाणी खेळवायची रीत आपलीच. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू द्यायचं. फरक आहे तो तळाचा. तुम्ही चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचात, तरी मिठाला करडी झाक यायचीच. इथे तळावर शेवाळ, जिप्सम आणि मातीचा पातळ थर मुद्दाम वाढवतात. त्याला पेटोला म्हणतात. त्यामुळे मीठ चिखलाला लागत नाही आणि पांढरंशुभ्र निघतं. हा थर दरवर्षी जपावा लागतो. ही विद्या १४ व्या शतकात क्रोएशियातल्या पाग बेटावरून इथे आली.

मीठ अजून लाकडी फावड्यानेच ओढतात. एक बाई ओढत होती. दांडा तिरका धरून, तळाला जराही धक्का न लावता अलगद मागे सरकायची. तुमचा हात अगदी असाच चालायचा.

पूर्वी इथली कुटुंबं २४ एप्रिलला मिठागरातल्या दगडी घरांत राहायला यायची ती २४ ऑगस्टपर्यंत. खाली मिठाचं कोठार, वर बिऱ्हाड. आता बरीच घरं पडलीत, पण काही सावरून तिथे संग्रहालय केलंय. मीठवाल्यांची फावडी, कपडे, भांडी सगळं मांडून ठेवलंय. तुम्ही नेहमी म्हणता, "आपलं काय, चिखलातलं काम." मला ते कधीच पटलं नाही, आणि आता तर मुळीच पटणार नाही.

म्हणून एक करा. आपल्या आगरावर भराव पडला असला तरी तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे. भरतीचं पाणी उघाडीतून कधी घ्यायचं, कुठल्या वाफ्यात किती दिवस ठेवायचं, मीठ धरलं हे कशावरून ओळखायचं, सगळं बाळूला सांगा. तो फोनवर रेकॉर्ड करील, मी लिहून काढीन. कंटाळा करू नका.

तिथल्या मिठाची पुडी दिवाळीत येताना आणते. आईला नमस्कार, बाळूच्या पोरांना गोड पापा.

तुमची लेक,
सुषमा