दशांश कुणी ठरवायचा?

नवापूर

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. घराचा हप्ता, पोरांची फी, काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि त्यात मोबाईलवर रोज येणारे ते 'बी पेरा, शंभरपट मिळेल'चे व्हिडिओ. अशात दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा भाग, पूर्ण पगारावर काढायचा की कापून हातात येतो त्यावर, असं तू विचारलंस. त्याकडे येतोच. पण आधी एक सांग, हा हिशेब तू वहिनींसोबत बसून केलास की एकट्यानं?

विचारायचं कारण आमच्या घरात घडतंय. माझ्या मामेबहिणीची मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या आईबापानं मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळी झाल्यावर दोघं टोळीबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला गेले. आपल्या भागात हे काही नवं नाही. गाड्या भरतात, पाडे ओस पडतात, रविवारी भक्तीला निम्मी बाकं रिकामी असतात. पोर त्यांच्याबरोबर गेली असती तर परीक्षा बुडालीच होती. तिला आपल्याकडे ठेवावं असं मला वाटलं. फी, वह्या, कपडे एवढ्याचा खर्च मला झेपण्यासारखा होता. पण आमचं घर दोन खोल्यांचं, हे तुला माहीत आहे.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी तो विषय सगळ्यांसमोर ठेवला. बायको बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिचा क्लास सकाळी सहाचा. म्हणजे मला पाचला उठून डबा करायचा." मुलीनं स्पष्टच सांगितलं, "टेबल देईन, खिडकीजवळची कॉट देणार नाही." मोठी माय म्हणाली, "माझ्याजवळ निजेल ती." आणि तसंच ठरलं. मुलीवर कुणी रागावलं नाही. तिला जेवढं देववलं तेवढं तिनं मनापासून दिलं, आणि आता दोघी त्याच टेबलावर समोरासमोर बसून अभ्यास करतात.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. पगार माझ्या खात्यात येतो म्हणून दान मी देतो असं आपण पुरुष धरून चालतो. पण पहाटे पाचला चूल पेटवणारी देते, टेबल अर्धं करणारी देते, अंथरुणात जागा करणारी म्हातारी देते. जे सगळ्यांच्या पदरचं जातं ते सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलं की ज्यानं त्यानं आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी होऊन किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये. बापानं एकट्यानं ठरवलेलं दान घरातल्या बाकीच्यांना भाग पडूनच द्यावं लागतं.

बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा 14वा अध्याय पुन्हा काढून वाच. 'सगळा दशांश भांडारात आणा' हे मलाखीचं वचन आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, कारण अर्पणाच्या वेळी तेच वाचतात. अनुवादात मात्र शेतकऱ्याला सांगितलंय की दशांश घेऊन परमेश्वरासमोर जा, आणि तिथं तुझ्या घरच्या सगळ्यांसह जेवून आनंद कर. देवाची सेवा करणाऱ्या, जमिनीचा वाटा नसलेल्या लेव्याला विसरू नको. आणि दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच साठव, म्हणजे लेवी, परका, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतील. बायकोमुलं त्या दशांशाच्या पंगतीला बसलेली आहेत! हे मी मोठ्यानं वाचलं तेव्हा मोठ्या मायनं मला परत वाचायला लावलं.

आता व्हिडिओंचं. त्यांना एक रुपयाही पाठवू नकोस, आणि घराचा हप्ता थकवून तर मुळीच नको. देवाला द्यायचं आणि व्याजासकट परत येण्याची वाट बघायची, म्हणजे देवाला सावकार करून ठेवणं. पेरणी-कापणीची उपमा पौलानं वापरली हे खरं, पण ती यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना. त्याच पत्रात तो म्हणतो की माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं देणं मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यानं हे वचन घट्ट धरावं.

आणि काकूंचं ऑपरेशन आधी कर. यात माझ्या मनात जराही शंका नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात प्रभू कुणावर संतापला ते बघ. 'तुम्हाला द्यायचं होतं ते देवाला वाहिलं' असं आईबापांना सांगून मोकळे होणाऱ्यांवर. दशांश मागे पडतोय म्हणून तू रात्री जागतोस हे वाचून मला फार वाईट वाटलं. आईच्या डोळ्यांवर खर्च केलेला पैसा देवाकडून चोरलेला नाही.

पूर्ण पगार की हातातला? आम्ही पूर्ण पगारावर काढतो, पहिल्या तारखेला, किराण्याच्याही आधी. तू हातातल्यावर काढलास तरी मी तुला कमी विश्वासाचा म्हणणार नाही. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजणाऱ्यांना प्रभूनं मोजू नका म्हटलं नाही. न्याय, दया आणि विश्वास सोडू नका म्हटलं. फक्त उरलंसुरलं देऊ नकोस, कारण महिन्याअखेरीला काही उरत नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाचा सण यंदाही छान झाला. भात, तूर, भोपळे, गिलकी, दोन कोंबडे. कुणी काय आणलं याची कुठं नोंद नाही, सगळा एकच ढीग. मग लिलाव. कुणीतरी भोपळा घेतो आणि पुन्हा ढिगात ठेवतो, पुन्हा बोली लागते. मला हे फार आवडतं. पण वर्षाअखेरीला नावं आणि रकमा वाचून दाखवतात, ते मला सोसत नाही. समोर बसलेल्या मजुराच्या बायकोनं आपलं वीस रुपयांचं नाव कसं ऐकावं? उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये म्हणणाऱ्या प्रभूच्या घरात माईकवरून हे चालावं? मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळाला लेखी दिलंय की जमाखर्च पैन् पै वाचा, नावं वगळा. दुसरंही मागितलंय: बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या 18व्या अध्यायाप्रमाणे लेव्यांनाही मिळालेल्या दशांशाचा दशांश द्यावा लागे, तर मंडळीनंही आपल्या जमेचा दहावा भाग बाहेर द्यावा. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना 1942 पासून चालतोय. तिथं पाड्यांवरून आलेल्या पेशंटबरोबरची माणसं असतात, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोरं घेऊन आलेल्या आया असतात. त्यांना रोज रात्री गरम खिचडी मिळावी, जात-धर्म न विचारता. वडील मंडळाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी पाठपुरावा सोडणार नाही.

तू या रविवारी वहिनी, काकू आणि पोरांना घेऊन बस. काकूंनाही विचार, आपल्याला काय द्यायचंय हे म्हाताऱ्या माणसांना कुणी विचारतच नाही. काय ठरलं ते कळव. ऑपरेशनची तारीख मिळाली की आधी फोन कर, त्या आठवड्यात मी रजा टाकून येतो.

वहिनींना व काकूंना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझा मित्र