साठीनंतर ताटातली डाळ कमी होऊ देऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पानावर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांविषयी नियमित मजकूर येतो, आणि माझ्यासारखे ज्येष्ठ वाचक तो मनापासून वाचतात. त्यातील बहुतेक सल्ला चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकासाठी असतो: वजन उतरवा, भात कमी करा, रात्री हलके खा, जमल्यास एक जेवण टाळा. पंच्याहत्तरी गाठलेली माणसे हाच सल्ला जसाच्या तसा पाळू लागली की काय होते, ते मी सध्या अनेक घरांत पाहते आहे. मी बरीच वर्षे एका शासकीय रुग्णालयाच्या आहार विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात आहाराविषयी बोलते. त्या अनुभवावरून लिहीत असल्याने पत्र थोडे लांबले आहे.

वय झाले की खाणे कमी करावे, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की कमी खाणाऱ्या वृद्धाचे घरात कौतुकच होते. या समजात निम्मे तथ्य आहे. हालचाल आणि स्नायू दोन्ही घटल्यामुळे शरीराला लागणारी ऊर्जा उतारवयात कमी होते, म्हणून पोळी, भात, तेल आणि साखर यांचे प्रमाण थोडे घटवणे योग्यच ठरते. प्रथिनांची गरज मात्र घटत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणारे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट निरोगी ज्येष्ठांसाठीही हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅम असावे असे सांगतात, कारण तेवढ्याच प्रथिनांतून तरुण शरीर जितका स्नायू घडवते तितका वृद्ध शरीराला घडवता येत नाही. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना दिवसाला ५५ ग्रॅम तरी प्रथिने मिळायला हवीत.

आता या आजींचे प्रत्यक्षातले ताट पाहू. सकाळी चहाबरोबर दोन टोस्ट, नंतर बशीभर पोहे. दुपारी दोन पोळ्या, फळभाजी, लहान वाटीभर पातळ वरण आणि अर्धी मूद भात. चार वाजता पुन्हा चहा. रात्री चार घास वरणभात. हे पोटभर जेवण आहे आणि सात्त्विकही आहे, पण त्याचा हिशेब मांडला तर प्रथिने ३० ते ३२ ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. वरण पातळ असेल तर वाटीत जेमतेम २० ग्रॅम डाळ असते आणि तिच्यातून साडेचार ग्रॅम प्रथिने मिळतात. जेवण झाले, पोट भरले, म्हणून घरातही कोणाला शंका येत नाही.

ही तूट काही महिन्यांनी मांड्यांत दिसू लागते. स्नायू चाळिशीच्या आसपास हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो, जिना चढताना कठडा सुटत नाही, न्हाणीघरात पाय सरकला तर तोल सावरण्याइतकी ताकद उरत नाही. आपण हे सगळे गुडघ्यांच्या नावावर टाकतो. गुडघे झिजलेले असतातही, पण त्यांना उचलून धरणारा मांडीचा स्नायू आधीच आटलेला असतो. स्नायूंचे आणखी एक काम लक्षात घेतले जात नाही. मोठ्या आजारपणात शरीर प्रथिनांची गरज स्नायू मोडून भागवते. ज्यांच्या अंगावर मुळातच मांस नाही, त्यांना आठ दिवसांचा ताप किंवा रुग्णालयातला मुक्काम इतका खचवतो की पूर्वीसारखे हिंडणे-फिरणे पुन्हा जमतच नाही. रुग्णालयात हे मी वारंवार पाहिले. आजार बरा होऊन माणूस घरी जात असे, पण स्वतःच्या पायांवर चालत नव्हे.

यात स्त्रियांची स्थिती अधिक वाईट आहे. सर्वांची पाने झाल्यावर पातेल्यात उरेल त्यावर भागवण्याची सवय सत्तरीतही सुटत नाही. दूध आणि दही नातवंडांसाठी राखले जाते. एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हाल निराळे आहेत. आमच्या संघातील एक सदस्य पत्नी गेल्यापासून दुपारचा एकच डबा दोन वेळा पुरवतात. तो डबा मी उघडून पाहिला आहे. तीन पोळ्या, बटाट्याची रस्सा भाजी, भात, आणि तळाशी डाळ शोधावी लागेल अशी आमटी. त्या डब्यावर ते गृहस्थ समाधानी आहेत, कारण तो वेळेवर येतो.

दातांचाही येथे मोठा भाग आहे. जबड्याचे हाड कालांतराने झिजते, त्यामुळे कवळी सैल होते आणि टोचू लागते. मग भाकरी सुटते, उसळ सुटते, शेंगदाणे आणि पेरू सुटतात, आणि उरतात ते चहात बुडवता येणारे बिस्किट, खारी आणि टोस्ट. कवळी पुन्हा बसवून घेतली तर निम्मा प्रश्न सुटतो, पण आता किती दिवस राहिलेत म्हणून हा खर्च टाळला जातो, याचे मला फार वाईट वाटते. दात नसले तरी खाता येण्यासारखे पुष्कळ पदार्थ आपल्या स्वयंपाकात आहेत. पिठले आहे, कोकणातले कुळथाचे पिठले आहे, मुगाची धिरडी आहेत, मऊ शिजवलेली मटकीची उसळ, भाजीत घातलेले दाण्याचे कूट, दही, ताक, आणि चालत असेल त्यांना अंडे व मासे आहेत. वर सांगितलेल्या आजींनी दोन्ही वेळचे वरण घट्ट घेतले, दुपारी वाटीभर उसळ वाढवली, रात्री एक पेला दूध घेतले आणि मूठभर दाण्यांचे कूट किंवा एक अंडे दिवसभरात कोठेतरी बसवले, तर त्या ५५ ग्रॅमच्या जवळ पोहोचतात. त्यासाठी परदेशातून मुलाने पाठवलेल्या भुकटीच्या डब्याची गरज नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र प्रथिने आपल्या मनाने मुळीच वाढवू नयेत. त्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

उपवासांविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण एकादशी आणि चतुर्थी माझ्याही घरी पाळली जाते. तरीही लिहिणे भाग आहे. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, दूध, दही असा फराळ केला तर व्रत मोडत नाही आणि शरीरही उपाशी राहत नाही. खरी भीती मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दिवसभर निरंकार उपवास केला, किंवा दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रयोग डॉक्टरांना न विचारता सुरू केला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वृद्धांमध्ये अशा वेळी घाम आणि थरथर दिसेलच असे नाही. माणूस असंबद्ध बोलतो, भांबावतो किंवा एकदम पडतो, आणि घरच्यांना वाटते की वयाचा परिणाम. साखर अगदी तरुणांच्या पातळीवर आणण्याचा अट्टहास थकलेल्या शरीराला सोसत नाही, हे आता वैद्यकशास्त्रही मान्य करते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनात अनेक व्याधी असलेल्या ज्येष्ठांसाठी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ८ टक्क्यांच्या खाली असली तरी पुरेशी मानली आहे. औषध आणि पथ्य दोन्ही वयानुसार पुन्हा तपासून घ्यायचे असतात. दहा वर्षांपूर्वीचा कागद पुढे करून चालत नाही.

याच संदर्भात वजनाचा मुद्दा येतो. साठ किलोची व्यक्ती काही न ठरवता सहा महिन्यांत तीन किलो उतरली तर आपल्याकडे छान बारीक झालात म्हणून अभिनंदन होते. ठरवून न केलेली पाच टक्क्यांची घट ही डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. पाण्याचेही तसेच आहे. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, त्यात रात्री उठावे लागू नये म्हणून अनेकजण संध्याकाळपासून पाणी बंद करतात. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग आणि उन्हाळ्यातली ग्लानी यांचे मूळ पुष्कळदा तेथे असते. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे त्यांचा अपवाद सोडता, पाणी दिवसा भरून काढावे आणि निजण्याआधी थोडे कमी करावे. शाकाहारी व्यक्ती मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेत असेल तर ब१२ जीवनसत्त्वाची तपासणी एकदा करून घ्यावी.

नुसत्या खाण्याने स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. सकाळचा फेरफटका चांगलाच, पण तो पुरेसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करण्यास सांगितले आहे. आता या वयात काय ताकद येणार, असे विचारणाऱ्यांसाठी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला बॉस्टनमधला एक अभ्यास सांगते. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे यंत्रे नसली तरी भिंतीला टेकवलेली खुर्ची असते. हात छातीशी धरून तिच्यावरून सावकाश उठणे आणि सावकाश बसणे, हा व्यायाम संघाच्या सभागृहात आम्ही सुरू केला, तेव्हा पहिल्या दिवशी निम्म्याहून अधिक जणांचे हात आपोआप मांड्यांवर गेले.

म्हणून राज्यभरातील ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विनंती आहे की, साखर आणि रक्तदाब मोजण्याच्या शिबिरांत दोन साध्या चाचण्या जोडाव्यात. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पुढील तपासणी हवी. दुसरे म्हणजे शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भागातला घेर मोजावा. तो पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असणे ही धोक्याची सूचना मानतात. यासाठी एक खुर्ची, एक टेप आणि एक घड्याळ पुरते. परगावी राहणाऱ्या मुलामुलींनीही फोनवर जेवलात का, एवढेच न विचारता आज ताटात काय होते, हे विचारावे.

शेवटची गोष्ट शासनाशी संबंधित आहे. वर लिहिलेले सगळे ज्यांच्या घरी दूध आणि डाळ विकत घेता येते त्यांच्यापुरते आहे. श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १५०० रुपयांवर जगणाऱ्या वृद्धेला शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ मोफत मिळतात, पण डाळ बाजारभावाने घ्यावी लागते, आणि ती परवडत नाही म्हणून पातळ होत जाते. ‘आनंदाचा शिधा’मध्ये सणापुरती एक किलो चणाडाळ दिली गेली, म्हणजे रेशन दुकानातून डाळ पोहोचवणे अशक्य नाही. निराधार आणि श्रावणबाळ योजनेतील प्रत्येक लाभार्थ्याला दरमहा दोन किलो डाळ आणि एक किलो शेंगदाणे मिळावेत, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, अशी मी कळकळीची विनंती करते.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा