आर-व्हॅल्यू ४.८ छापलेल्या आणि रात्रीतून जमिनीला टेकणाऱ्या एअर मॅटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख
(प्रत: व्यवस्थापकीय संचालक, त्यांच्यापर्यंत पोचली तर)

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या 'सीनियर'शी बोलणं झालं. आता फोनवर बोलण्यात हशील नाही एवढं त्यातून कळलं, म्हणून हे लेखी देते आहे.

मॅट कुठली ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या संकेतस्थळावर अजूनही सगळ्यात वर तीच आहे. निळी, आडव्या कप्प्यांची, आठ सेंटिमीटर जाडीची, 'सर्व ऋतूंसाठी', आर-व्हॅल्यू ४.८. (आर-व्हॅल्यू म्हणजे मॅट उष्णता किती अडवते त्याचा आकडा; जितका जास्त, तितकी मॅट उबदार.) खोक्यावरच्या फोटोत एक बाई गालाखाली हात घेऊन तिच्यावर कुशीवर झोपली आहे आणि झोपेत हसते आहे. हा फोटो लक्षात असू द्या, पुढे लागेल.

मी ही मॅट डोळे झाकून घेतलेली नाही. मी कुशीवर झोपते. कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि खुबा या दोनच ठिकाणी येतो, त्यामुळे पाच सेंटिमीटरच्या मॅटवर पाठीवर झोपणारा माणूस सुखात असतो आणि आमचा खुबा खालच्या दगडाची चौकशी करत असतो. म्हणून जाडी आठ बघितली. नेहमीच्या एक्कावन्न सेंटिमीटरच्या मॅटवर कूस बदलली की कोपर बाहेर जातं, म्हणून चौसष्टची रुंद घेतली. आणि आमच्याकडे थंडी असते म्हणून आर-व्हॅल्यू बघितली. नाशिकची थंडी म्हणजे काय ते तुमच्या मुख्य कार्यालयात बसून कळणार नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला याची बातमी आमच्याकडे पहिल्या पानावर असते. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी अंगाखालचा तिचा भाग दबून चपटा होतो आणि त्याची ऊब जाते. जमीन अंगातली उष्णता ओढून घेते ती खालूनच, आणि तिथे फक्त मॅट उपयोगी पडते. हे सगळं तुम्हाला माहीत असणार. मॅट तुम्ही बनवता.

साल्हेरच्या पायथ्याला तंबू टाकला होता. राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर. पहाटे चढायला सुरुवात करायची म्हणजे रात्री नीट झोप हवी, एवढाच बेत होता. संध्याकाळी तुमच्याच हवा भरायच्या पिशवीने मॅट भरली. तोंडाने नाही, कारण तोंडाने फुंकली की आत वाफ जाते, हे तुमच्याच माहितीपत्रकात लिहिलं आहे आणि ते वाचणारी बहुधा मी एकटीच. मध्यरात्रीच्या सुमारास खुबा जमिनीला लागला. उठून पुन्हा भरली. पहाटे पुन्हा तेच. पण हवेचं राहू द्या. मॅट टम्म भरलेली असतानासुद्धा पाठीखालून गारठा वर येत होता, आणि माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

माझ्या शेजारी माझी मैत्रीण साध्या फोमच्या कॅरीमॅटवर झोपली होती. गुंडाळून सॅकला बाहेरून बांधतात ती. अशा बंद पेशींच्या फोमची आर-व्हॅल्यू साधारण दोनच्या आसपास असते. ती घोरत होती. मी ४.८ वर कुडकुडत होते. शेवटी पहाटे तिच्याकडची तशीच जादा कॅरीमॅट मागून घेऊन तुमच्या मॅटवर अंथरली, तेव्हा जरा डोळा लागला. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणजे हिशेबाने मला ६.८ ची ऊब मिळायला हवी होती. मिळाली ती दोनचीच. उरलेले ४.८ कुठे गेले, याचं उत्तर मला हवं आहे.

घरी आल्यावर शोधलं. दिवे बंद केले, मॅट भरून उभी केली आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावला. प्रकाश आरपार आला. कप्पे स्वच्छ दिसले, शिवणी दिसल्या, माझ्या हाताच्या बोटांची सावली दिसली. आत तंतूंचा भराव नाही, चकाकती फिल्मही नाही. उबदार एअर मॅटमध्ये यातलं काहीतरी असावं लागतं, नाहीतर आतली हवा खालची थंडी घेऊन वर फिरत राहते. भराव नसलेल्या नुसत्या हवेच्या मॅटची आर-व्हॅल्यू एकच्या आसपास येते. तुम्ही ४.८ छापलं आहे. दशांश चिन्हासकट छापलं आहे, म्हणजे कुणीतरी मोजल्यासारखं वाटावं.

कुणी मोजलं? स्लीपिंग पॅडची आर-व्हॅल्यू मोजायचं एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं एफ ३३४० हे मानक २०१८ पासून आहे. गरम पाटी आणि थंड पाटी यांच्यामध्ये पॅड ठेवायचा आणि वरची पाटी गरम ठेवायला किती ऊर्जा लागते ते बघायचं. त्याआधी जो तो आपल्या पद्धतीने मोजायचा आणि मनाला येईल तो आकडा लिहायचा, म्हणूनच ते मानक करावं लागलं. तुमच्या खोक्यावर मानकाचं नाव नाही. संकेतस्थळावर नाही. ई-मेलने विचारलं तर 'आमचे उत्पादन उच्च दर्जाच्या चाचण्यांमधून जाते' असं उत्तर आलं, खाली हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह. कुठली चाचणी? चाचणीतून नुसतं 'जाणं' वेगळं आणि पास होणं वेगळं, हे आमच्या विद्यार्थ्यांनाही कळतं.

रुंदीचंही तेच. चौसष्ट सेंटिमीटर भरते ती हवा नसताना, जमिनीवर सपाट पसरल्यावर. फुगवल्यावर टेप लावली, सत्तावन्न. आम्ही मॅटवर फुगवून झोपतो. हा मुद्दा लांबवत नाही.

आता हवा. व्हॉल्व्हभोवती भांड्यांच्या साबणाचं पाणी लावलं. व्हॉल्व्ह चांगला आहे, झाकण घट्ट बसतं. पण त्याची चकती कापडाला जिथे चिकटवली आहे तिथे, खालच्या बाजूला, मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. एकाच जागेतून, न थांबता. म्हणजे काटा नाही, दगड नाही, वापरातलं काही नाही. चिकटवतानाच राहून गेलेलं. व्हिडिओ पाठवला आहे. तो तुमच्याकडे कुणीही उघडलेला नाही, कारण त्यानंतरही मला 'पंक्चर कुठे आहे मॅडम' असं विचारलं गेलं.

आता कालच्या फोनविषयी. मी संयमाने लिहायचं ठरवलं आहे. कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होतो असं तुमचं यंत्र दर वेळी सांगतं, तेव्हा तो काढून ऐका. नसेल सापडत तर हा घ्या.

मराठीसाठी तीन दाबलं. हिंदीत उत्तर आलं. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मराठी सीनियर मिळाले. सगळं पहिल्यापासून सांगितलं, कारण आधीच्या तक्रारीचा क्रमांक 'सिस्टिममध्ये शो होत नव्हता'. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थंडीत हवा आकसते मॅडम. ते नॅचरल आहे."

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलांना चार्ल्सचा नियम (तापमान उतरलं की हवा किती आकसते तो) सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. संध्याकाळी पंचवीस अंशांना भरलेली हवा पहाटे आठ अंशांना किती आकसेल? २९८ केल्विनचे २८१ झाले, म्हणजे सहा टक्क्यांच्याही आत. तेवढ्याने मॅट जरा मऊ पडते, माणूस जमिनीला टेकत नाही. हे मी त्यांना सांगितलं. आणि घरात, पंखा बंद, खिडक्या बंद, कुणीही न झोपता ठेवलेली मॅटसुद्धा सकाळी सपाट झाली होती, हेही सांगितलं.

थोडी शांतता. मग, "मॅडम, आपण झोपता कशा?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाठीवर की कुशीवर?"

"कुशीवर."

"हां, मग तेच." हायसं वाटलं बिचाऱ्यांना. "कुशीवर सगळं वजन एका पॉइंटला येतं. हे प्रॉडक्ट बॅक स्लीपरसाठी रेकमेंडेड आहे."

"असं कुठे लिहिलं आहे?"

"जनरल आहे ते मॅडम."

"खोक्यावर एक बाई कुशीवर झोपली आहे."

"ती मॉडेल आहे मॅडम."

यावर काय बोलावं ते मला सुचेना. वर्गात मला असं सहसा होत नाही. मी पुन्हा सांगितलं, की घरी मॅटवर कुणीही झोपलं नव्हतं. ना पाठीवर, ना कुशीवर. त्यावर ते म्हणाले, "वजन किती आहे आपलं?"

"मॅटवर कुणी नव्हतं."

"नाही, पण जनरली?"

जनरली! मॅट रिकामी, खोली रिकामी, आणि हवा जाण्याचं कारण स्वयंपाकघरात चहा घेत असलेल्या माझ्या वजनात आहे. हा न्यूटनला न सापडलेला नियम तुमच्या ग्राहक सेवा केंद्रात सापडला, त्याबद्दल अभिनंदन. आणि मी गप्प बसले आहे असं बघून त्यांनी शेवटचं सांगितलं: "कॅम्पिंग म्हटलं की थोडं ॲडजस्ट करावं लागतं मॅडम. घरच्यासारखी झोप पाहिजे असेल तर मग..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ते 'घरीच झोपा' असं आहे, हे कळायला मला सीनियर लागत नाही. लगेच पुढे, "अजून काही मदत करू शकतो का?" आणि फोन ठेवल्या ठेवल्या संदेश आला, की आमच्या प्रतिनिधीला पाचपैकी किती तारे द्याल.

बदलून देण्यासाठी तुमची अट अशी, की मॅट पूर्ण भरलेली आणि पूर्ण बसलेली एकाच सलग व्हिडिओत दिसली पाहिजे. मॅट बसायला रात्र लागते. तुमच्या पानावर पंचवीस एमबीच्या वरची फाईल चढत नाही. ही अट ज्यांनी लिहिली त्यांनी एकदा स्वतः असा व्हिडिओ काढून मला पाठवावा, नमुना म्हणून.

तुमच्या कंपनीची जुनी सॅक मी अजून वापरते. हरिहर, धोडप, रावळ्या-जावळ्या या सगळ्या किल्ल्यांवर ती पाठीवर होती आणि तिची चेन अजून अडत नाही. आमच्या कॉलेजच्या ट्रेकला येणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षं तुमचंच नाव सांगत आले. मुलं पैसे साठवून घेतात हो. पॉकेटमनीतून घेतात. त्यातल्या एखाद्या मुलीने माझ्या सांगण्यावरून ही मॅट घेऊन जानेवारीत कळसूबाईला रात्र काढली असती तर? ४.८ वर विश्वास ठेवून तिने जास्तीचे कपडे घरी ठेवले असते. खोक्यावरच्या आकड्याकडे बघून लोक सॅक भरतात. तुमच्यासाठी तो जाहिरातीतला मजकूर असेल.

मला मॅट बदलून नको आहे. तीच मॅट, तोच भराव नसलेला पोकळ ऐवज, फक्त व्हॉल्व्ह नीट चिकटवलेला, घेऊन मी काय करू? पूर्ण पैसे परत हवेत. एएसटीएम एफ ३३४० प्रमाणे ४.८ आल्याचा चाचणी अहवाल असेल तर तो पाठवा, नसेल तर आकडा खोक्यावरून काढा. आणि मॅट बॅक स्लीपरसाठी असेल तर त्या हसणाऱ्या बाईला पाठीवर वळवा.

मॅट तुमच्या संकेतस्थळावरून घेतली आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. या अधिकाऱ्याचं नाव तुमच्या संकेतस्थळावर मला सापडलेलं नाही, ते असणंही नियमातच आहे. पोच आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे दावा लावता येतो, तुमच्या शहरात यायची मला गरज नाही, तुम्हालाच द्वारका सर्कलच्या गर्दीतून यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही. दिशाभूल करणारी जाहिरात हा वेगळा मुद्दा घालेन. टॉर्चचे फोटो, साबणाच्या पाण्याचा व्हिडिओ, फुगवलेल्या मॅटवर धरलेली टेप आणि बिल सोबत जोडलं आहे. पुन्हा मागू नका.

मॅट न्यायला माणूस पाठवणार असाल तर दुपारी दोननंतर पाठवा, तोवर मी कॉलेजात असते. हवा काढून ठेवायला त्याने सांगू नये. काल रात्री भरून व्हॉल्व्ह बंद करून ठेवली होती, आता घडी घालता येते.

एक ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक