माझ्या नातवाच्या वहीतली लाल रेघ

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य,
सचिवालय, पर्वरी.

महोदय,

सादर नमस्कार. गेल्या आठवड्यात माझा नातू शाळेतून आला तो जेवायलाही न बसता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नागरिकशास्त्राच्या वहीत ‘माझे देशप्रेम’ या निबंधात त्याने लिहिले होते की, आमच्या वाड्यावर एक दिवसाआड पाणी येते आणि मोठा झाल्यावर मी ग्रामसभेत त्याचा जाब विचारीन, कारण हा देश माझा आहे. त्या वाक्यावर लाल शाईची रेघ असून समासात शेरा आहे : ‘देशाची बदनामी करू नये.’ दहापैकी दोन गुण.

गुणांसाठी मी भांडत नाही. माझे वडील १९५५ साली, पोर्तुगीज राजवटीत, आग्वादच्या तुरुंगात होते. ‘जय हिंद’ म्हटल्याबद्दल पोलिसांनी त्यांच्या तळहातांवर इतके फटके मारले होते की, उजव्या हाताची मूठ त्यांना पुढे कधीच वळता आली नाही. म्हातारपणी आई त्यांना पेज चमच्याने भरवीत असे. तो हात पाहत मी वाढलो, म्हणून हा शेरा मला त्यांनाच मारलेल्या फटक्यासारखा लागला.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात सभाबंदी मोडून उभे राहिले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला जाब विचारणे, हेच गोमंतकीयांचे देशप्रेम होते. आज शाळांत १८ जून आणि १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन या तारखा पाठ करून घेतल्या जातात, मुलांना उन्हात उभे करून पाहुण्यांची वाट पाहायला लावले जाते. पण ती माणसे तुरुंगात का गेली, हे कोणी सांगत नाही. संविधानाच्या ५१-क अनुच्छेदात स्वातंत्र्यलढ्यातील उदात्त आदर्शांचे अनुसरण हे कर्तव्य सांगितले आहे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहूनही ते न गाणाऱ्या केरळमधील मुलांना शाळेतून काढले, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. हा निकाल किती वर्गांत शिकवला जातो?

शाळेपासून कचेरीपर्यंत सर्वांना मान खाली घालणारी माणसेच हवी आहेत, असे मला आता वाटू लागले आहे. प्रश्न विचारला म्हणून मुलाचे गुण कापू नयेत, असे परिपत्रक आपण काढावे, एवढीच विनंती आहे. नातवाचे वाक्य मात्र येत्या ग्रामसभेत मी वाचणार आहे, त्याच वहीतून.

आपला,
एका स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा, पेडणे