शुभास पत्र: माल्टा की आयर्लंड?

गॉलवे, आयर्लंड,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय शुभा,

तुझा निरोप आला तेव्हा नाइट ड्यूटी संपवून मी घरी निघाले होते. सकाळचे पावणेनऊ वाजून गेले होते आणि आत्ता कुठे फटफटत होतं. दुपारी सव्वाचार-साडेचारला पुन्हा अंधार. इथला डिसेंबर असा असतो, ते आधीच सांगून ठेवते.

माल्टा आणि आयर्लंड, दोन्हीकडून नर्सची नोकरी आली, हे वाचून फार आनंद झाला. "तू दोन्हीकडे राहिलीस, मग कुठे जाऊ ते तूच सांग," असं तू लिहिलंस. फोनवर सांगितलं असतं तर अर्धंच सांगून झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

माल्टाने मला तीन वर्षं प्रेमाने सांभाळलं. सगळा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, आपल्या मुंबईहूनही लहान, आणि त्यात पाच लाखांवर माणसं. समुद्र कुठूनही जवळ. ड्यूटी संपली की स्लिमाच्या खडकांवर जाऊन बसायचे, मालवणची आठवण यायची. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे राहणाऱ्यांना कार्डावर बस फुकट झाली, तेव्हा महिन्याचे पैसे वाचायला लागले. आमच्या वृद्धाश्रमातल्या आज्या माल्टीजमध्ये प्रार्थना करायच्या. पक्क्या कॅथलिक, पण देवाला म्हणायच्या "अल्ला". पाण्याला "इल्मा", पावाला "होब्स". ही भाषा अरबी कुळातली, लिहितात मात्र रोमन लिपीत. मी चार शब्द बोलले की त्या माझा हात धरून ठेवायच्या.

पण ऊन बघून भुलू नकोस. तिथली घरं चुनखडीच्या दगडाची, आणि बऱ्याच घरांत हीटिंगच नसतं. जानेवारीत भिंतींना ओल येते. माझ्या कपाटामागे काळी बुरशी धरली होती. उन्हाळ्यात पारा पस्तिशीपार, आणि जिकडेतिकडे बांधकामं. खिडकी उघडली की पिवळी धूळ आत.

हे सगळं सोसता येतं गं. मला सोसलं नाही ते वेगळंच. माझं कामाचं परमिट मालकाशी बांधलेलं होतं. नोकरी बदलायची तर नव्याने अर्ज, आणि तोवर जीव टांगणीला. एका हिवाळ्यात मला लागोपाठ दुहेरी पाळ्या लावल्या. पाठ धरली होती, तरी मी तोंड उघडलं नाही. आईला फोनवर "मजेत आहे" म्हणायचे आणि फोन ठेवून रडायचे. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

आयर्लंडला आले ती २०२३ मध्ये, डब्लिनला नर्सच्या नोंदणीसाठीची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट देऊन. घर मिळवायला चार महिने गेले. शुभा, इथे घरांची टंचाई खरोखर भयंकर आहे. एका खोलीसाठी रांगेत उभी राहिले आहे मी. पगार मोठा दिसतो, पण भाडं त्याचा मोठा लचका तोडतं. जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, गेलं की साठेक युरो, आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय थेट इमर्जन्सीत गेलं तर शंभर. माल्टात सरकारी दवाखान्यात मला काहीच द्यावं लागत नव्हतं. पाऊस म्हणशील तर आपल्यासारखा कोसळत नाही. झिमझिम करत राहतो, दिवसच्या दिवस. जूनमध्ये मात्र रात्री दहानंतरही उजेड असतो, आणि तेव्हा हाच देश सोन्यासारखा वाटतो.

तरीही मी इथेच राहिले. नर्सला इथे क्रिटिकल स्किल्स परमिट मिळतं, म्हणजे टंचाई असलेल्या कामांसाठीचं. नवऱ्याला त्यावर वेगळं परमिट न काढता नोकरी करता येते. म्हणजे तुझ्या प्रकाशला घरी बसावं लागणार नाही. दोनेक वर्षांनी स्टॅम्प फोर, म्हणजे परमिटशिवाय काम करायची मुभा, आणि मग मालक कोण याला काही अर्थ उरत नाही. किमान वेतनाचा फरकही बघ: २०२५ साली इथे ताशी साडेतेरा युरो होतं, माल्टात जेमतेम साडेपाच. तुझ्या लेकीला, मुक्ताला, प्राथमिक शाळेत पुस्तकंही फुकट मिळतील, ती सोय २०२३ पासून झाली आहे.

मला स्टॅम्प फोर मिळाला त्याच्या पुढच्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी पाळी करायला सांगितलं. मी म्हटलं, "नाही जमणार." समोरची बाई म्हणाली, "बरं." बस, एवढंच. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

आणि आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचं तुला ठाऊकच आहे. त्या गावातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या माणसाचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ साली या देशाचा पंतप्रधान झाला. वॉर्डातल्या एका आजोबांना मी सांगितलं की वराडकरांच्या वडिलांचं गाव आमच्याच तालुक्यातलं, तर त्यांनी मला गावाचा नकाशाच काढायला लावला.

तू एकटी असतीस, दोन वर्षं पैसे साठवून परतणार असतीस, तर समुद्रासाठी का होईना, माल्टाला जा म्हटलं असतं. पण मुक्ता सहा वर्षांची आहे. तुझं मन गॉलवेकडे वळावं असं मला फार वाटतं. घर शोधेपर्यंत माझी खोली आहे, दाटीवाटीने राहू.

एजंटला पगाराआधी एकच विचार: परमिट कोणत्या प्रकारचं, आणि मी नोकरी सोडली तर त्याचं काय होतं? उत्तर लेखी घे. मला फोटो पाठव, मी वाचते. आणि आलीस तर कोकम आण, इथे मिळतं ते जुनं असतं.

तुझी,
वसू