कल्याण लोकलमधल्या भजनी मंडळाचे आभार

२०२३ हे आमच्यासारख्या गे लोकांसाठी विचित्र वर्ष होतं, ऑगस्टमध्ये 'मेड इन हेवन' या वेब सिरीजमध्ये ट्रान्स अभिनेत्री त्रिनेत्राला मेहेर या ट्रान्स बाईच्या रोलमध्ये बघून घरात शिट्ट्या मारल्या, आणि १७ ऑक्टोबरला समलिंगी लग्नाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाचही जजेसनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही.

त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं, ऑफिसात हसत बसलो, संध्याकाळी लोकलमध्ये पुण्याहून माझ्या पार्टनरचा फोन आला आणि घाटकोपरच्या पुढे डोळ्यासमोर अंधारीच आली. भजनवाल्या काकांनी बखोट धरलं नसतं तर दारातच पडलो असतो.

विंडो सीट रिकामी केली (त्या गर्दीत, विचार करा!), एकाने डब्याच्या झाकणाने वारा घातला, दुसऱ्याने रव्याचा लाडू हातात कोंबला. भजन थांबवून टाळ मांडीवर ठेवून बसले सगळे.

फोनवर आमचा दोघांचा वॉलपेपर होता. काकांनी बघितला, रुमाल दिला आणि एवढंच विचारलं, "घरी कोणी आहे का रे जेवायला वाढायला?"

काका, तो चौकड्यांचा रुमाल धुऊन बॅगेत ठेवलाय, अजून तुमचा लोकलचा डबा सापडत नाहीये. मंडळाला खूप थँक्यू.